मलकापूरच्या पश्चिमेचे रान : जुने आराखडे आणि राखणदाराचा प्रश्न

१.
कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता मलकापूर मागे टाकतो आणि आंबा घाटाच्या रानात शिरतो. मलकापूरच्या उत्तरेला चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान आहे, पश्चिमेला विशाळगडाचे संवर्धन राखीव क्षेत्र, तर आग्नेयेला २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरलेला पन्हाळा. शाहूवाडी तालुक्यातील या बाजारपेठेच्या गावाभोवती एकाच मुलखाचे तीन तुकडे तीन वेगवेगळ्या व्यवस्थांनी राखलेले आहेत. प्रत्येकाचा व्यवस्थापन आराखडा निराळा आणि तो तपासणारे खातेही निराळे.

२.
'व्यवस्थापन आराखडा' हा शब्द नवा आहे, मागची गोष्ट जुनी आहे. कोणत्याही काळातील आराखडा अखेर चार प्रश्नांची उत्तरे देतो. काय राखायचे? कोणी काय घ्यायचे? राखण कोणी करायची? आणि बदल करायचा झाल्यास निर्णय कोणाचा? मलकापूरच्या पश्चिमेच्या रानाला ही उत्तरे वेगवेगळ्या राजवटींनी दिली. आजचा आराखडा तपासायचा असेल तर जुनी उत्तरेही तपासावी लागतात.

३.
प्रारंभ १४५३ च्या सुमारास. बहमनी सरदार मलिक-उत-तुज्जार खलफ हसन कोकणातील बंडखोर राजांवर चालून आला. फरिश्त्याने दिलेल्या वृत्तान्तानुसार, शरण आलेल्या शिर्क्याने त्याला खेळणा किल्ल्याकडे नेण्याची तयारी दाखवली. खेळणा म्हणजेच आजचा विशाळगड. वाट इतक्या घनदाट अरण्यातून नेण्यात आली की सैन्याची फळी मोडली, आणि रात्रीच्या छाप्यात सरदारासह मोठी फौज कापली गेली. या रानाचा लिखित इतिहासातील हा एक जुना उल्लेख. त्यात रान हेच शस्त्र आहे आणि ते चालवण्याचे ज्ञान वाटा जाणणाऱ्या स्थानिकांकडे आहे.

४.
जुलै १६६० मध्ये तोच मुलूख पुन्हा निर्णायक ठरला. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे गेले. मसाईचे पठार, चिखलाच्या वाटा, ओढे आणि पावनखिंड ही नावे प्रत्येक इतिहासप्रेमीला पाठ असतात. त्या रात्रीचे शौर्य जितके खरे, तितकेच हेही खरे की पावसाळ्यातील अंधारात त्या वाटा कोणाच्या तरी रोजच्या पायाखालच्या होत्या. हे रान निर्जन नव्हते. त्यात गुरे चारणारे होते, भातशेती करणारे होते, गडाच्या चाकरीतील माणसे होती.

५.
हे रान कसे राखावे याचे स्पष्ट लेखन 'आज्ञापत्रा'त सापडते. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेला हा राजनीतिविषयक ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्या घराण्याची जहागीर बावड्याची, म्हणजे याच सह्याद्रीच्या रांगेतील. त्यामुळे गड, घाट आणि झाडी यांविषयीचे त्यातील विवेचन अनुभवातून आलेले आहे. त्यात झाडांविषयी दोन ठिकाणी दोन वेगळे नियम आढळतात. बहुतेक ठिकाणी त्यांपैकी एकच सांगितला जातो.

६.
पहिला नियम दुर्गांच्या प्रकरणातला. गडाच्या आसपासची झाडी ही गडाची राखण आहे. ती प्रयत्नाने वाढवावी आणि त्यातील एक काठीही तोडू देऊ नये, असा त्याचा आशय. सवलत नाही, अपवाद नाही. आजच्या परिभाषेत सांगायचे तर हा गाभा क्षेत्राचा नियम झाला.

७.
दुसरा नियम आरमाराच्या प्रकरणातला. जहाजांसाठी सागवान व इतर लाकूड लागते. ते राज्याच्या रानातून हुजूरची परवानगी घेऊन तोडावे, कमी पडले तर परमुलखातून विकत आणावे. मात्र रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही, हे कारण तेथेच नोंदवले आहे. एखादे झाड फार जीर्ण झालेले असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याचा संतोष झाल्यावरच तोडावे. बळजबरी सर्वथा करू नये.

८.
या मजकुराकडे पर्यावरणप्रेमाचा उमाळा म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. त्यामागे राज्याचा हिशेब आहे. दुखावलेली रयत हा राज्याचा दोष मानला आहे आणि उजाड मुलूख हा राज्याचा तोटा. शिवाय आज्ञा लिहिली गेली म्हणून ती सर्वत्र पाळली गेली असे समजण्याचे कारण नाही. तरीही आराखडा म्हणून त्याची रचना लक्षणीय आहे. कडक राखणीचा पट्टा वेगळा, रयतेच्या वापराचा पट्टा वेगळा, आणि दुसऱ्या पट्ट्यात संमती व मोबदला या दोन्ही अटी एकत्र. नुसता मोबदला पुरेसा मानलेला नाही.

९.
आता तिसरा प्रश्न : कडक पट्ट्याची राखण कोण करी? गडाच्या घेऱ्यात रामोशी, महार, मांग, बेरड अशा समाजांतील लोक चौकी-पहाऱ्याला असत. त्यांची वस्ती घेऱ्यातच असे आणि चाकरीच्या बदल्यात जमीन किंवा वतन मिळे. ही व्यवस्था जातीच्या उतरंडीत बांधलेली होती आणि तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट तिच्यातून दिसते. 'एक काठीही तोडू नये' हा नियम माणसे हलवून अमलात आलेला नव्हता. तेथे राहणाऱ्या माणसांचा हक्क आणि रानाची राखण एकमेकांना जखडून ठेवूनच तो चालत असे.

१०.
ही गाठ सुटली तेव्हा काय झाले, ते १८४४ मध्ये दिसले. कोल्हापूरचे छत्रपती अल्पवयीन होते आणि कंपनी सरकारने दाजी कृष्ण पंडित यांच्या हाती कारभार सोपवला होता. नव्या व्यवस्थेत गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या अखत्यारीत आणल्या गेल्या. कागदावर ही महसुलाची सुधारणा होती. गडकऱ्यांच्या दृष्टीने मात्र ते चाकरी आणि भूमी यांचे पिढ्यान्पिढ्यांचे नाते तोडणे होते. सामानगडाने दरवाजे बंद केले, भुदरगड उठला, आणि बंड पन्हाळ्यापर्यंत पोहोचले.

११.
बंड मोडल्यावर इंग्रजांनी किल्ले निकामी केले. विशाळगडाची तटबंदीही पाडली गेली. विशाळगडची जहागीर पंतप्रतिनिधींच्या घराण्याकडे होती. तिचे ठाणे गडावरून मलकापुरास आले. गडावरची सत्ता खाली बाजारपेठेत उतरली, ती अशी. आज मलकापुरात फिरणाऱ्याला हे गाव केवळ घाटाखालच्या आणि घाटावरच्या व्यापाराचे ठिकाण वाटते. प्रत्यक्षात त्याच्या मोठेपणामागे एका फसलेल्या आराखड्याची कहाणी आहे. राखणदाराला न विचारता त्याच्या हक्कांची फेरमांडणी झाली. गड गेला, आणि त्याबरोबर गडाच्या झाडीची जुनी राखणही.

१२.
त्यानंतरचा आराखडा वनखात्याचा. १८७८ च्या वन कायद्याने इंग्रजी मुलखातील जंगलाची राखीव, संरक्षित आणि ग्रामवने अशी वर्गवारी केली. ग्रामवनांची तरतूद मोठ्या प्रमाणावर कागदावरच राहिली. जोतीराव फुले यांनी १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेतकऱ्याची गायराने आणि चराऊ राने गिळणाऱ्या जंगलखात्यावर टीका केली, ती याच काळातली. कोल्हापूर संस्थान या मुलखाबाहेर असले तरी सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंचा शेतकरी एकाच पद्धतीने शेती करत होता.

१३.
त्या पद्धतीचा कणा म्हणजे राब. पावसापूर्वी झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत आणि शेण वाफ्यावर पसरून जाळायचे आणि त्याच राखेत भाताचे किंवा नाचणीचे रोप वाढवायचे. वन अधिकाऱ्याला यात झाडाची नासाडी दिसे. शेतकऱ्याला त्याशिवाय रोप दिसत नसे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला जंगल आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. पश्चिम भारतात वनव्यवस्थापनाची लोकांच्या गाऱ्हाण्यांवरून झालेली ही एक आरंभीची फेरतपासणी. ती शक्य झाली, कारण लोकांनी गाऱ्हाणी मांडली.

१४.
१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. वारणेच्या खोऱ्यात १९८५ मध्ये चांदोली अभयारण्य घोषित झाले, २००४ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये चांदोली व कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६०० चौरस किलोमीटर आहे. या संरक्षणामुळे खोऱ्यात सलग जंगल टिकले, ही मिळकत खरी आहे. त्याच जंगलातून गावे उठवली गेली आणि पुनर्वसित कुटुंबांना जमीन व नागरी सुविधा यांसाठी दीर्घकाळ आंदोलने करावी लागली, हेही तितकेच खरे आहे.

१५.
येथे आज्ञापत्राशी तुलना उपयोगी पडते. गाभ्याचा नियम तोच, 'काठीही तोडू नये'. राखणदार मात्र बदलला. आधी राखणदार आत राहत होता. आता आत राहणारा बाहेर गेला आणि राखण पगारी नोकरीची झाली. मोठ्या वन्यप्राण्यांना निर्धास्त क्षेत्र लागते, म्हणून काही ठिकाणी हा मार्ग आवश्यकही असू शकतो. परंतु माणूस बाहेर गेला की निसर्ग मूळपदावर येतो, हे गृहीतक प्रत्येक ठिकाणी तपासून पाहावे लागते.

१६.
त्याचे सर्वांत ठळक उदाहरण राजस्थानातील भरतपूर. केवलादेव येथे १९८२ मध्ये चराईबंदी झाली. विरोध करणाऱ्या ग्रामस्थांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली. चराईबंदीला पाठिंबा देणाऱ्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनेच तेथे सुमारे दहा वर्षे अभ्यास केला. निष्कर्ष अपेक्षेविरुद्ध निघाला. म्हशी चरायच्या थांबल्यावर पाणथळ गवत बेसुमार माजले, पाण्याची मोकळी जागा आक्रसली आणि अनेक जातींच्या पाणपक्ष्यांना त्याचा फटका बसला. संस्थेने हा निष्कर्ष लपवला नाही. आराखड्याची प्रामाणिक तपासणी कशी असते, याचा तो धडा आहे.

१७.
दुसरे उदाहरण जवळचे, साताऱ्याच्या कास पठाराचे. कास आणि चांदोली ही दोन्ही स्थळे २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेली. पर्यटकांच्या गर्दीपासून फुले वाचवण्यासाठी कासला कुंपण घातले गेले. पुढे काही वनस्पतींचा फुलोरा घटल्याचे लक्षात आले. गुरांचे चरणे थांबल्याने गवत माजते, हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले आणि अखेर कुंपण काढण्यात आले. मलकापूरच्या पश्चिमेलाही असेच जांभ्या खडकाचे सडे आहेत. तेथे कोणत्या महिन्यात गुरे चरली तर काय उगवते, याची उजळणी धनगरवाड्यांवर दरवर्षी होत असते. ती वनखात्याच्या नकाशात सहसा उतरत नाही.

१८.
जगात यावर वेगळा विचार झाला आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९४९ च्या कायद्याने शेती, कुरणे आणि गावे यांच्यासह निसर्गसुंदर प्रदेश संरक्षित करण्याची सोय केली. २००० च्या कायद्याने अशा प्रदेशांचा व्यवस्थापन आराखडा सक्तीचा केला आणि पाच वर्षांच्या आत त्याची फेरतपासणीही. जागतिक वारसा समितीने १९९२ मध्ये 'सांस्कृतिक भूदृश्य' हा प्रकार मान्य केला, म्हणजे माणूस आणि निसर्ग यांनी मिळून घडवलेली भूमी. भारताच्या वन्यजीव कायद्यात वसलेल्या ग्रामीण प्रदेशासाठी असा स्वतंत्र वर्ग नाही.

१९.
पश्चिम घाटाविषयी तसा विचार करण्याची संधी आली होती. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. कुठे काय राखायचे याचा अंतिम निर्णय ग्रामसभांच्या चर्चेतून व्हावा, हे त्याचे सूत्र होते. यामागे जुना अभ्यास होता. वा. द. वर्तक आणि गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांची नोंद केली होती. ज्या रानातून वाळलेले लाकूडही न उचलण्याचा दंडक गावाने स्वतःवर घातला, ते रान कोणत्याही कायद्याशिवाय टिकले होते.

२०.
हा अहवाल लोकांपर्यंत त्यांच्या भाषेत नीट पोहोचला नाही, आणि विरोध उसळला. पुढे कस्तुरीरंगन समितीने एप्रिल २०१३ मध्ये वेगळी मांडणी केली. तिने घाटाचे 'नैसर्गिक' आणि 'सांस्कृतिक' भूदृश्य असे दोन भाग पाडले आणि नैसर्गिक भागातील मोठ्या क्षेत्राला, एकूण घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांना, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवण्याची शिफारस केली. मार्च २०१४ पासून त्यावर मसुदा अधिसूचना निघत आहेत. ३१ जुलै २०२४ ची ही सहावी. मसुद्याची मुदत संपते आणि नवा मसुदा निघतो. या अनिश्चिततेत शेतकऱ्याला घर बांधण्याचीही धास्ती वाटते, आणि बॉक्साइटसाठी सडे खोदू पाहणाऱ्यांना मात्र वेळ मिळतो.

२१.
आता विशाळगडाकडे. वन्यजीव कायद्याच्या २००२ च्या दुरुस्तीने 'संवर्धन राखीव क्षेत्र' हा नवा प्रकार आणला. उद्याने आणि अभयारण्ये यांना जोडणारी सरकारी जमीन, स्थानिकांशी विचारविनिमय करून, अशी घोषित करता येते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने मंजूर केलेल्या राखीव क्षेत्रांत विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड यांचा समावेश होता. विशाळगडचे क्षेत्र सुमारे ९३ चौरस किलोमीटर. चांदोलीहून राधानगरीकडे जाणाऱ्या वन्यप्राण्यांच्या वाटेवरील हा दुवा आहे.

२२.
कायद्याने अशा क्षेत्रासाठी व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात वनखात्याचा प्रतिनिधी असतो, क्षेत्रातील प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक, वन्यजीव संवर्धन करणाऱ्या संस्थांचे तीन, आणि कृषी व पशुसंवर्धन खात्यांचा प्रत्येकी एक. ग्रामपंचायतीला नावानिशी जागा देणारी ही तरतूद मोलाची आहे. तिच्या मर्यादाही दोन आहेत. समिती मुख्य वन्यजीव रक्षकाला केवळ सल्ला देते. आणि राखीव क्षेत्र फक्त सरकारी जमिनीपुरते असते. बांधापलीकडचे मालकीचे शेत, त्यावरचा आंबा-फणस, वाडीची देवराई हे सगळे त्या नकाशाबाहेर राहू शकते. गवा मात्र बांध ओळखत नाही. तो राखीव रानातून थेट उभ्या पिकात येतो.

२३.
११ जुलै २०२५ रोजी 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत पन्हाळा आहे, विशाळगड नाही. त्यामुळे १६६० च्या त्या वाटेचे एक टोक जागतिक वारसा आहे, दुसरे टोक वन्यप्राण्यांचा दुवा आहे, आणि मधली गावे दोन्ही नकाशांच्या कडेला आहेत. पन्हाळ्यावरील रहिवाशांनी संभाव्य निर्बंधांविषयी जाहीर शंका घेतल्या, त्यांकडे केवळ विकासाचा हट्ट म्हणून पाहता येत नाही. १८४४ पासूनचा या मुलखाचा अनुभव त्या शंकांमागे उभा आहे.

२४.
स्थानिक माणूस आपोआप चांगला राखणदार ठरतो, असे मात्र इतिहास सांगत नाही. घाटमाथ्याची जमीन विकणारेही स्थानिक असतात आणि देवराई तोडणारेही. इतिहासातून निघणारा निष्कर्ष अधिक मर्यादित आहे. ज्या आराखड्यात राहणाऱ्याचा हक्क आणि त्याची जबाबदारी एकत्र बांधलेली होती, तो अधिक टिकला. ज्यात हक्क काढून घेऊन केवळ मनाई उरली, तेथे बंड झाले, आयोग नेमावा लागला किंवा कुंपण परत काढावे लागले.

२५.
म्हणून विशाळगडचा आराखडा जेव्हा जेव्हा तपासणीला येईल, तेव्हा गव्यांची संख्या आणि वणव्यांची नोंद यांच्या जोडीला आणखी काही बाबी तपासाव्या लागतील. समितीची बैठक कोठे झाली, मलकापुरात की दूरच्या कार्यालयात? कागद मराठीत होते का? ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीने एखादा मुद्दा मांडला आणि त्यामुळे आराखड्यातील एखादी ओळ तरी बदलली का? पिकाच्या नुकसानीची भरपाई पुढच्या पेरणीपूर्वी मिळाली का? तीन शतकांपूर्वी एका जीर्ण झाडासाठी धन्याला राजी करण्याची अट घालणारा ग्रंथ याच डोंगररांगेतील अमात्यांच्या नावावर आहे. नव्या आराखड्याने निदान त्या अटीपेक्षा मागे जाऊ नये.